झेंडा तिच्या हाती, आडनाव कुणाचं?

[दृश्य: सकाळ. सिव्हिल लाइन्सचा झाडांखालचा रस्ता.]

हा नागपूरचा सिव्हिल लाइन्सचा भाग. जुनी झाडं, आत बंगले, फाटकांवर साहेबांच्या नावाच्या पाट्या. आज इथून स्कुटीवर पोट्ट्या भुर्रकन निघून जातात, कुणी हटकत नाही. 1923 च्या उन्हाळ्यात मात्र इकडे यायचं तर तुरुंगाची तयारी ठेवूनच यावं लागायचं. गुन्हा एवढाच, की हातात चरख्याचा झेंडा आहे.

1 मेपासून तुकड्या निघू लागल्या. गावातून निघायचं, साहेबांच्या वस्तीच्या वेशीवर पोलिसांनी धरायचं, की पुन्हा नवी तुकडी. जमनालाल बजाज आत गेले, पुढे वल्लभभाईंनी सूत्रं हाती घेतली, ऑगस्टात सत्याग्रह संपला. झेंडा सत्याग्रह म्हटलं की आपल्याला एवढं आठवतं.

या झेंड्यामागे एक कवयित्रीही होती. सुभद्राकुमारी चौहान. जन्म 1904 चा, म्हणजे वय जेमतेम अठरा-एकोणीस. नागपुरात स्वतःला अटक करवून घेणारी पहिली सत्याग्रही स्त्री म्हणून त्यांची नोंद आहे. त्यांची दुसरी ओळख सांगितली की सगळे 'अरे हो' म्हणतात. हिंदीच्या तासाला बाकं बडवत म्हटलेली 'झाँसी की रानी' त्यांचीच.

[दृश्य: रिकामा वर्ग. बाकावर हात. ठेका.]

'खूब लड़ी मर्दानी.' आमच्या वर्गात पोट्टे याच शब्दावर सगळ्यात जास्त जोर द्यायचे. राणी लढली, तर शाबासकी कशी द्यायची? पुरुषासारखी लढली म्हणून. आणि हे लिहिणारी स्वतः बाई, जी पुरुषासारखं वगैरे काही न होता पोलिसांपुढे उभी राहिली होती! मी त्यांना दोष देत नाही. शौर्याला भाषेत दुसरा शब्दच नव्हता. आजही नाही. 2014 साली एका पोलीस अधिकारी बाईवर हिंदी सिनेमा आला, त्याचं नाव काय? 'मर्दानी'.

आपल्या मराठीत तरी वेगळं काय आहे? भा. रा. तांब्यांची झाशीवाली तोंडपाठ असेल. 'रे हिंदबांधवा, थांब या स्थळी.' अश्रू ढाळायचे ते बाईसाठी, पण थांबायला सांगितलंय भावाला. बहीण त्या वाटेनं जात असेल हे कवीच्या मनात आलं नाही. मीही ही ओळ कितीतरी वर्षं म्हणत होतो, माझ्याही मनात आलं नाही.

मर्दानी व्हायचं नसेल तर दुसरी जागा आईची. 1905 मध्ये अवनींद्रनाथ टागोरांनी भारतमाता रंगवली. भगवी वस्त्रं, चार हात. एका हातात पोथी, एकात वस्त्र, एकात जपमाळ आणि एकात धान्याच्या ओंब्या. 1957 च्या 'मदर इंडिया'त तीच आई नांगर ओढते आणि गावाच्या लेकीसाठी पोटच्या पोराला गोळी घालते. थिएटरात टाळ्या, डोळ्यांत पाणी. त्यावर लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलंय, आपण पुढे जाऊ.

[दृश्य: लोखंडी गज. जमिनीवर सांडलेली ज्वारी.]

कारण मला त्या ओंब्यांपाशी थांबायचंय. सुभद्राकुमारींची एक कथा आहे, 'राही'. कवितेएवढी ती कुणी वाचत नाही. तुरुंगात दोन बायका भेटतात. अनिता सत्याग्रही, चांगल्या घरची. राही चोर. अनिता विचारते, काय चोरलंस? उत्तर येतं, धान्याची गठडी. किती होतं? असेल पाच-सहा शेर. आणि शिक्षा? वर्षभराची. घरात पोरं उपाशी होती, एवढंच कारण. अनिताला झोप लागत नाही. आपण देशासाठी तुरुंगात आलो म्हणून आपला मान. ही पोरांच्या पोटासाठी आली, हिला चोर म्हणायचं. मग देशभक्ती नेमकी कशाला म्हणायची?

स्वतः तुरुंगात राहिलेल्या बाईनं हे लिहिलंय. चित्रातल्या आईच्या हातात ओंब्या आणि तुरुंगातल्या आईवर त्याच धान्याची चोरी. 'मर्दानी'ची घोषणा झाली. 'राही'ची कुणी केली नाही.

[दृश्य: जुना टाइपरायटर. अर्जाचा कोरा कागद.]

आता थेट नागपूरच्या लेकीकडे येऊ. कुमुद पावडे. जन्म इथलाच, 1938 चा, महार समाजातला. हिला शिकायचं होतं संस्कृत. जी भाषा स्त्रियांना नको आणि शूद्रांना नको असं परंपरेनं बजावलं, त्या भाषेच्या दारात ही दोन्ही बाजूंनी परकी. गोखले गुरुजींनी मात्र हातचं राखून न ठेवता शिकवलं. त्यांच्याविषयी बाईंनी किती मायेनं लिहिलंय! एम. ए. झाल्या. आणि घरी बसल्या, कारण नोकरी मिळेना. अर्जावर नाव होतं कुमुद सोमकुवर. नागपुरात हे आडनाव वाचलं की पुढचं कुणाला विचारावं लागत नाही.

मग आंतरजातीय लग्न झालं. आडनाव झालं पावडे, म्हणजे कुणब्याचं. आणि काही महिन्यांत सरकारी महाविद्यालयात नेमणूक! डोकं तेच, पदवी तीच, संस्कृतही तेच. बदललं ते नवऱ्याच्या घरचं आडनाव. 'अंतःस्फोट' या 1981 च्या पुस्तकात त्यांनी हे स्वच्छ लिहून ठेवलंय. नोकरीचं श्रेय कुमुद सोमकुवरचं नव्हे, कुमुद पावडेचं. त्यात फुशारकी नाही, रडगाणंही नाही. बापाचं नाव आड आलं, नवऱ्याचं नाव उपयोगी पडलं. तिचं म्हणून जे काही होतं त्याला कुणी हातच लावला नाही.

[दृश्य: झोपडपट्टीमागची भिंत. पलीकडे मैदान.]

2022 मध्ये नागराज मंजुळेंनी नागपुरातच 'झुंड' केला. झोपडपट्टीतली पोरं फुटबॉल खेळतात, देशातर्फे परदेशात जायची संधी येते. त्यात रिंकू राजगुरूनं केलेली आदिवासी पोरगी आहे. तिला पासपोर्ट हवा. पासपोर्टला ओळखीचा पुरावा हवा. तो कुठं मिळतो हे शोधत तिचा बाप तिला घेऊन दारोदार फिरतो. खेळायला ती तयार आहे, देशाचं नाव छातीवर मिरवायला तयार आहे. पण तू याच देशाची आहेस हे आधी कागदावर दाखव.

लोक सिनेमातल्या गोल आणि मारामाऱ्यांबद्दल बोलतात. मला तो बाप आठवतो. कुणी ओरडत नाही, हाकलत नाही. उद्या या म्हणतात.

[दृश्य: संध्याकाळ. विधान भवनासमोरून कॅमेरा जबलपूर रोडकडे वळतो.]

नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. सुभद्राकुमारी विधानसभेच्या सदस्य झाल्या होत्या. ज्या गावानं त्यांना कैदी म्हणून पाहिलं, तिथं त्या आता कामकाजाला येत. 1948 च्या फेब्रुवारीत अशाच आल्या होत्या. 15 तारखेला मोटारीनं जबलपूरला परत निघाल्या. सिवनीजवळ अपघात झाला. वय 43.

त्या रस्त्यानं ट्रक जातात, नागपूरची संत्री जातात. आम्हीही कॅमेरा गुंडाळून त्याच रस्त्याला लागलो. गाडीत कुणीतरी सवयीनं ती कविता सुरू केली, आणि 'मर्दानी'पाशी येऊन थांबलं.