‘कॉटन फील’ म्हंजे का व?

(दृश्य: जिनिंगचं आवार, कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग)

यवतमाळ जिल्ह्यातलं एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. ग्रेडर कापसात हात घालतो, चिमटीत तंतू ओढून त्याची लांबी पाहतो आणि मग ओलाव्याचं मीटर खुपसतो. शेतकरी वाकून आकडा वाचतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे कपात, आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. इथं विकणाऱ्याला काही झाकता येत नाही.

(दृश्य: घराची ओसरी, हातात मोबाईल)

याच शेतकऱ्याची सून मोबाईलवर कुर्ता पाहतेय. कापड चोळून बघायची सोय नाही. फोटो आहे, चार तारे आहेत आणि खाली लिहिलंय ‘कॉटन फील’.

“कॉटन फील म्हंजे का व?” आजी विचारते.

उत्तर पार्सलमध्ये आलं. कुरियर गावात येत नाही, फाट्यावरच्या पानठेल्यावर ठेवून जातो. आजीनं शिवणीतून एक धागा उपसला आणि काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो, बोटानं चुरडली की मऊ राख होते. हा आक्रसला, वितळला, टोकाला काळी टणक गोळी धरली.

“प्लॅस्टिक हाय हे.”

आजीला पॉलिस्टरचं वावडं नाही. तिचं रोजचं लुगडं त्याचंच, धुतलं की घटकाभरात वाळतं. तिचं म्हणणं एवढंच, हाय ते सांगा ना बापा.

कायदाही तेच म्हणतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू कोणत्या देशात तयार झाली ते सांगावं लागतं, आणि जाहिरातीत सांगितल्यासारखा माल निघाला नाही तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची, निवारण महिनाभरात. पण एका कुर्त्यासाठी फाट्यापर्यंत दोन चकरा कोण मारणार? सुनेनं तो पोछ्याला काढला.

पुढचा कुर्ता तिनं दुसरीकडून मागवला. तिथं लिहिलं होतं: शंभर टक्के कॉटन, पहिल्या धुण्यात लांबी इंचभर आटेल, एक साईज मोठी घ्या. शिवणीचा आतल्या बाजूचा फोटो होता. रंग गेल्याची एका बाईची तक्रारही तशीच ठेवलेली, खाली दुकानदाराचं उत्तर. स्वतःच्या मालाची खोट स्वतःच सांगणारा दुकानदार सुनेला पटला.

हे सूत कुणाच्या वावरातलं, ते मात्र तिथंही नव्हतं. जिनिंगमध्ये सरकी काढलेल्या रुईची १७० किलोची गाठ एकदा बांधली की कापसाचं गाव पुसलं जातं. ‘कस्तुरी कॉटन’ या भारतीय कापसाच्या सरकारी ब्रँडमध्ये आता गाठीवर क्यूआर कोड लावतात. कुर्त्याच्या लेबलापर्यंत तो या ओसरीवर अजून पोचलेला नाही.

(दृश्य: दोरीवर वाळणारा नवा कुर्ता)

पहिलं धुणं झालं. सुनेनं टेप लावली, इंचभरच आटला होता.

आजीनं तरी काडी लावलीच.