खपलीखालचा जिवाणू

ऑगस्ट-सप्टेंबर. सोयाबीनच्या वावरात बाया निंदणाला बसल्या आहेत. कडेच्या गवतात चिगर माइट, म्हणजे कोळ्याच्या गोतातले बारीक जीव असतात. त्यांची अळी चावते, पण ती इतकी बारीक की चावल्याचं कळतही नाही. त्या चाव्यातून ओरिएन्शिया सुत्सुगामुशी नावाचा जिवाणू अंगात शिरतो आणि साधारण दहा दिवसांनी ताप भरतो. हा स्क्रब टायफस.

चावलेल्या जागी बऱ्याच जणांना काळी खपली धरते. ती दुखत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही. त्यात ती असते काखेत, जांघेत, कमरेला लुगड्याच्या गाठीखाली.

2018 च्या पावसाळ्यात नागपूरकडे या तापानं माणसं दगावली, तेव्हा आज याच तापावर संशोधन करणारी एक मुलगी बीएस्सीला होती. एसटीच्या पासवर कॉलेज, दिवाळीच्या सुट्टीत आईसोबत कापूस वेचणं. पुढे मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी, मग फेलोशिपची परीक्षा. विषय तिनं हाच मागून घेतला.

जिवाणू मोठा अडेल. क्षयाचा जिवाणू सावकाश का होईना, प्रयोगशाळेतल्या पोषक माध्यमावर वाढतो. याला जिवंत पेशीच लागते. रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी एलायझा चाचणी तापाच्या पहिल्या आठवड्यात अनेकदा निगेटिव्ह येते, कारण ती तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून ती खपलीचा एवढासा तुकडा चिमट्यानं अलगद उचलते, त्यातला डीएनए काढते आणि जिवाणूचा डीएनए ओळखणारी पीसीआर चाचणी लावते. पेनिसिलिन या जिवाणूवर चालत नाही. डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळालं तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला, तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू, सगळ्यांवर येतं.

पण खपली आधी सापडायला हवी ना! त्यासाठी ती स्वतः वॉर्डात जाते, पडदा ओढते, खाटेशी बसते. “माय, कमरेले कोठं काळं झालं का वं?” डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाही म्हणालेली आजी आता गाठ सैल करते. आम्हाला तिच्या संशोधनातलं हे काम पीसीआरइतकंच मोलाचं वाटतं.

या जिवाणूचे कार्प, काटो, गिलियम असे अनेक प्रकार आहेत, आणि लस अजून नाही. आपल्याकडे कोणता प्रकार फिरतो, हे तिला शोधायचं आहे. त्यासाठी आता माइटही हवेत. ते उंदरांच्या कानात चिकटलेले सापडतात, म्हणजे आधी उंदीर पकडणं आलं. बिळं कुठं कुठं आहेत, ते बाबांनी दाखवून ठेवलंय.