सडा पावसात बघायचा असतो

नमस्कार श्रोतेहो,

काल संध्याकाळी सड्यावर, म्हणजे आमच्या कोकणातल्या कातळाच्या उघड्या पठारावर, जाऊन आलो. मे संपत आलाय, कातळ इतका तापलेला की चपलेतूनसुद्धा तळव्याला चटका लागत होता, गवत करपून पार भुगा झालेलं, एक टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती आणि लांब खाली समुद्र. आता अशा वेळी कोणी बाहेरचा माणूस आला, गाडीतून उतरून त्याने चारी बाजूला नजर टाकली, तर तो म्हणणारच की इथे काही नाही. त्याला मी दोष देत नाही. पण तो माणूस जर अहवाल लिहायला आलेला असेल आणि त्याने "ओसाड, पडीक, झाडोरा नाही" असं लिहून टाकलं, तर त्या सड्याचं पुढे काय व्हायचं ते या तीन-चार शब्दांवर ठरतं. आज मला याच्यावरच बोलायचंय. मी राजापूर तालुक्यातला, भूगोल शिकवतो, आणि गेली बरीच वर्षं या सड्यांवर फिरतोय.

ज्यांच्या घरी सातबारा आहे त्यांनी आज रात्री तो जरा काढून बघा. त्यात पोटखराब असा एक रकाना असतो, म्हणजे लागवडीला अयोग्य क्षेत्र. आमच्याकडे कित्येकांच्या सातबाऱ्यावर निम्म्याहून जास्त जमीन त्याच रकान्यात जाते. ज्या जमिनीतून पीक नाही, सारा नाही, ती खराब, असा सगळा हिशोब. ही नजर आली कुठून, यावर इतिहासाच्या आणि कायद्याच्या अभ्यासकांनी बरंच काम केलंय, आणि माग काढत काढत ते सतराव्या शतकातल्या जॉन लॉक या इंग्रज विचारवंतापर्यंत पोचतात. त्याचं म्हणणं असं होतं की जी जमीन नुसती निसर्गावर सोडलेली आहे, जिच्यात माणसाचे कष्ट मिसळलेले नाहीत, ती वाया गेलेली. हाच 'वेस्ट' शब्द पुढे इंग्रजांच्या महसुली कारभारात बसला. आपल्याकडे खोती होती, म्हणजे गावचा सारा खोत गोळा करायचा, १९४९ च्या कायद्याने ती गेली, पण दप्तरातली ही भाषा काही गेली नाही.

आमची आजी जमिनीला कधी पडीक म्हणाली नाही हो. तिच्याकडे मळा होता, वरकस म्हणजे उताराची हलकी जमीन होती, खाडीकाठचं खाजण होतं, कातळ होता, सडा होता, आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं. वरकसावर नाचणी, वरी, तिथलाच पातेरा न् गवत राबाला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला. सड्यावर गुरं चरायची, दिवाळीच्या आसपास गवत कापून भारे घरी यायचे आणि ते गुरांना पावसाळ्यापर्यंत पुरवायचे. जिथे वीतभर माती साठलेली असेल तिथे सड्यावरसुद्धा भाताची खाचरं. मग ही जमीन वाया कशी?

आता पाण्याचं ऐका, कारण मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर येतात, हे आपण सगळे बघतो. आपला जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, ज्याचे आपण चिरे काढतो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या माणसाने केरळात हा दगड बघितला, लोक त्याच्या विटा कापून घरं बांधतायत हे बघितलं आणि १८०७ साली लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट असं नाव दिलं. तर सड्यावर पडलेला पाऊस या भेगांतून, भोकांतून आत उतरतो, खाली चिकणमातीचा थर लागला की पुढे उतरायला वाव नाही म्हणून आडवा सरकतो आणि सड्याच्या कडेला, उतारावर, झरा होऊन बाहेर पडतो. त्या झऱ्यावर खालची वाडी, तिची विहीर, तिची पोफळीची बाग, गणपती विसर्जन करतात तो पऱ्या, सगळं. म्हणजे आपण घागर खाली भरतो पण पाणी वर साठलेलं असतं. वरच्या सड्यावर चिरेखाण पडली, सपाटीकरण झालं, की खालच्या वाडीतली विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवायला लागते, आणि तेव्हा लोक म्हणतात पाऊस कमी झाला.

आणि पावसात वर जाऊन बघा. मिरग लागला की पहिल्या पंधरा दिवसांत दिपकाडी येते, पांढरीशुभ्र फुलं, कोकणातल्या या कातळांचीच ती झाडं, जगात दुसरीकडे सापडत नाहीत. मग जुलै-ऑगस्टमध्ये उथळ पाण्यात निळ्याजांभळ्या सीतेच्या आसवांचे पट्टेच्या पट्टे, त्या किडे खाणाऱ्या वनस्पती आहेत कारण कातळावर मातीच नाही तर खत कुठून मिळणार. गेंद येतात, बारीक पांढऱ्या गोंड्यांसारखी फुलं. बेडूक तर विचारू नका. डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या वनस्पती अभ्यासकांनी या कातळ पठारांवर वर्षानुवर्षं काम करून दाखवून दिलंय की हा जंगल तुटून उघडा पडलेला भाग नाही, हा असाच असतो, ही एक वेगळी जिवंत व्यवस्था आहे. झाडं नसणं ही तिची तक्रार नाही, तो तिचा स्वभाव आहे.

आता कायद्याकडे येऊया. पर्यावरण परवानगीची आपल्याकडची जी पद्धत आहे ती १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेवर चालते. प्रकल्प यायचा असेल तर आधी त्या जागेचा अभ्यास करायचा, अहवाल बनवायचा, जनसुनावणी घ्यायची. ऐकायला छान आहे. पण बहुतेक प्रकल्पांच्या अभ्यासाला एका ऋतूची आकडेवारी पुरते आणि तो ऋतू पावसाळा सोडून असतो! मार्च ते मे घेतात बरेचदा. म्हणजे सडा जेव्हा झोपलेला असतो तेव्हाच त्याची तपासणी होते आणि मग लिहिलं जातं की जीव सापडला नाही. मला हे वाचल्यावर खरंच वाईट वाटलं होतं, राग पण आला होता, कारण यात कोणी लबाडीच केली पाहिजे असंही नाही, सगळं नियमाने करूनसुद्धा निष्कर्ष चुकीचा येणार.

बाकीचे कायदे बघा. सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवर काय करता येईल ते ठरवणारी अधिसूचना, १९९१ साली आलं, मग २०११ चं, मग २०१९ चं, पण ते समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच बघतं, आमचा सडा त्याच्या वर आणि मागे पसरलेला. जंगलाचा कायदा म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सांगितलं की शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल ते जंगल, मालक कोणी का असेना. देशातल्या किती झाडांना त्या एका निकालाने वाचवलं, त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण शब्दकोशातल्या जंगलात झाडं लागतात. कातळावरच्या गवताला न् सीतेच्या आसवांना तिथे जागा नाही. शेती नाही म्हणून शेतीचं संरक्षण नाही, जंगल नाही म्हणून जंगलाचं नाही, किनारा नाही म्हणून किनाऱ्याचं नाही. हे फक्त कोकणात नाही, राजस्थान-गुजरातच्या माळरानांचं तेच झालंय, माळढोक पक्षी ज्या गवताळ रानात राहतो त्याला पण पडीकच म्हणतात. या माळढोकाला वाचवण्यासाठी सुप्रीम कोर्टात एक खटला चालला, त्यात मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मधून येतो असं सांगितलं. मोठी गोष्ट आहे ती. पण पक्ष्याच्या रानातून जाणाऱ्या विजेच्या तारांबद्दलचा आधीचा आदेश त्याच निकालात सैल केला गेला, सौरऊर्जेची गरज पुढे करून, आणि यावर कायद्याच्या अभ्यासकांत अजून वाद चालू आहे.

आपल्या दारातलं उदाहरण म्हणजे बारसू. तिथल्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी त्या कातळात चित्रं कोरून ठेवली. कशेळीला तर हत्तीचं एक चित्र आहे, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात अजून कितीतरी प्राणी. कोकणातल्या शिल्पांत गेंडा दिसतो, जो आज आपल्याकडे कुठेच नाही. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेने गावोगाव फिरून या जागा नोंदवल्या, गावातल्या माणसांनी दाखवल्या म्हणून त्या सापडल्या, आणि २०२२ मध्ये यातल्या निवडक ठिकाणांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली. बारसू त्यात आहे. आणि त्याच बारसूचा सडा रिफायनरीसाठी सुचवला गेला, जागा ओसाड आहे या मुद्द्यावर. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झालं तेव्हा भर उन्हात बायका कातळावर बसून राहिल्या ते आपण टीव्हीवर बघितलं. रिफायनरी हवी की नको यावर गावागावात मतं वेगळी आहेत, माझ्या घरातसुद्धा आहेत. पोरं मुंबईला जातात, वाड्या रिकाम्या पडतात, कामधंदा हवाय हे म्हणणाऱ्याला मी खोटं ठरवणार नाही. पण जागा ओसाड होती, हे खरं नव्हतं. वाद घालायचाच तर खऱ्या माहितीवर घालूया ना.

काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पाच्या जनसुनावणीला मी गेलो होतो. जाडजूड इंग्रजी अहवाल टेबलावर, मराठीत सारांश तेवढा. एक म्हातारे गृहस्थ उठले आणि विचारलं, साहेब, आमच्या सड्यावरच्या गवताचं नाव यात कुठल्या पानावर लिहिलंय? उत्तर मिळालं नाही. २०२० मध्ये केंद्राने पर्यावरण परवानगीच्या त्या अधिसूचनेचा नवा मसुदा काढला तेव्हा तो इंग्रजी आणि हिंदीतच होता, आणि दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं की राज्यघटनेतल्या बावीसही भाषांत करा. ज्याची जमीन जाणार त्याला वाचता आलं पाहिजे, यासाठी कोर्टात जावं लागतं.

आता आपलंही बघायला हवं. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग योजना आली, वरकस-पडीक जमिनीवर आंबा-काजू लागला, घरं वर आली, पोरं शिकली, मीही त्यातलाच, आमची कलमं कातळात सुरुंग लावून खड्डे करून, बाहेरून माती आणून लावलेली आहेत. सड्याचं यात काय होतंय हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. आता मात्र जेसीबी लावून आख्खा सडा सपाट करतात आणि प्लॉट पाडतात, त्याला मी शेती म्हणणार नाही.

२०११ मध्ये माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल दिला, त्यावर गदारोळ झाला, मग कस्तुरीरंगन समिती आली, संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले, जुलै २०२४ मध्ये पुन्हा एक निघाला. गाडगीळांच्या अहवालातली एक गोष्ट लोक विसरतात. सिंधुदुर्गातल्या २५ गावांनी ग्रामसभेत ठराव केले होते की आमचं गाव संवेदनशील क्षेत्र घोषित करा. वरून लादलेलं नव्हतं ते! कस्तुरीरंगन समितीने उपग्रहाच्या चित्रांवर जास्त भर दिला, आणि माझं स्पष्ट मत आहे की आकाशातून झाडोरा शोधणाऱ्याला सडा कधीच दिसणार नाही. तो गावातल्या माणसालाच दिसतो.

आणि गावातल्या माणसाच्या हातात एक कायदा आहे. २००२ चा जैवविविधता कायदा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाच्या तळ्यात एक छोटा मासा सापडला, २०२० मध्ये त्याचं शास्त्रीय नाव ठरलं आणि दुसऱ्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली, याच कायद्याखाली. म्हणजे होतं.

आमच्या गावची नोंदवही मी परवा मागून घेतली. बरीच झाडं आहेत, मासे आहेत, औषधी वनस्पती आहेत. सड्याचं पान कोरं आहे. आठ-दहा दिवसांत पाऊस लागेल. मी आणि दहावीतली तीन मुलं, आणि गुरं राखणारे एक काका, ज्यांना प्रत्येक गवताचं नाव पाठ आहे, असे आम्ही जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर रविवारी वर जाणार आहोत, वही, मोबाईल आणि छत्री घेऊन. दिपकाडीपासून सुरुवात. तुमच्या गावात सडा असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन ती नोंदवही एकदा मागा, आणि सड्याचं पान उघडून बघा.

नमस्कार.