पेटीवरून पियानोकडे: ३५ बारांचा अभ्यास

मित्रहो, मराठवाड्यात पियानोकडे वळणारा हौशी माणूस बहुधा पेटीवरून आलेला असतो. घरी हार्मोनियम, गावात भजनी मंडळ, सुरांची जाण पक्की, आणि आता समोर एक डिजिटल पियानो. शिक्षक जवळ मिळेलच असं नाही. अशा माणसाने दहा रचना अर्ध्यामुर्ध्या वाजवत बसू नये. एकच छोटी रचना घ्यावी आणि ती ध्वनिमुद्रणापर्यंत, ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत न्यावी. त्यासाठी जर्मन संगीतकार बाखच्या १७२२ च्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिए’ या संग्रहाच्या पहिल्या भागातला सी मेजर प्रेल्यूड, म्हणजे सी हा सा धरून रचलेली छोटी सुरुवातीची रचना, मला सगळ्यांत योग्य वाटतो. त्यात ३५ बार आहेत, म्हणजे चार-चार मात्रांचे ३५ खंड. बाखच्या रचनांच्या यादीत त्याचा क्रमांक बीडब्ल्यूव्ही ८४६.

आधी पेटीच्या सवयी पाहू. पेटीवर डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे त्याची बोटं कोरी राहतात. पट्टी जोरात दाबली काय, हळू दाबली काय, आवाज भात्यावर ठरतो. पियानोत हातोडी किती वेगाने तारेवर आदळते यावर आवाज ठरतो, आणि एकदा आदळली की त्या सुराचं पुढे काही करता येत नाही. तो विरतच जातो. धरलेला सूर फुगवायची सवय इथे उपयोगाची नाही. म्हणून स्प्रिंगच्या हलक्या पट्ट्यांपेक्षा हातोडीसारखं वजन असलेल्या पट्ट्यांचं वाद्य घ्या. ८८ पट्ट्या असलेल्या बऱ्या, पण हा प्रेल्यूड नेहमीच्या ६१ पट्ट्यांतही बसतो. त्यातला सर्वांत खालचा सूर मधल्या सीच्या, म्हणजे पियानोच्या साधारण मधोमध असलेल्या सीच्या, दोन सप्तकं खाली आहे, आणि ६१ पट्ट्यांचं वाद्य बहुधा तिथूनच सुरू होतं.

बसण्याची उंची फार जण चुकवतात. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७३ सेंटिमीटरवर असतात. ७५ सेंटिमीटरच्या जेवणाच्या टेबलावर वाद्य ठेवलं की पट्ट्या ८५ च्या वर जातात, खांदे उचलले जातात आणि अर्ध्या तासात मनगट भरून येतं. उंची कमी-जास्त होणारा स्टँड घ्या. कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर हवं. मांडी घालून पेटी वाजवताना मनगट खाली झुकतं, ते इथे सरळ ठेवायचं.

आता रचना. सा म्हणजे पांढरी एक धरा. पहिल्या बारमध्ये सा ग प सां गं, दुसऱ्यात सा रे ध रें मं, तिसऱ्यात खालचा नी, मग रे प रें मं, आणि चौथा पुन्हा पहिल्यासारखा. प्रत्येक बारमध्ये पाचच सूर. पहिले दोन डाव्या हाताचे, उरलेले तीन उजव्याचे. उजव्याचे तीन लगेच पुन्हा वाजतात, त्यामुळे आठ सुरांची एक लड होते आणि तीच दोनदा येते. ३२ व्या बारपर्यंत हाच साचा आहे. म्हणून पहिला आठवडा लडी वाजवूच नका. पाचही सूर एकत्र दाबा, चार मात्रा धरा, पुढच्या बारवर जा. मेंदूला आणि बोटांना आकार कळला पाहिजे. कोणतं बोट कुठे, ते पेन्सिलने लिहा आणि मग बदलू नका. रोज वेगळी बोटं वापरणाऱ्याची रचना कधीच पाठ होत नाही. डाव्या हाताचे दोन्ही सूर लिहिल्याप्रमाणे धरून ठेवायचे असतात. पेटीवाल्याचा डावा हात ते लगेच सोडून देतो, आणि मग सगळं तुटक ऐकू येतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण सुरांच्या भाषेत विचार करणाऱ्याला ती चटकन कळेल. २२ व्या बारमध्ये खालचा सूर तीव्र मध्यम आहे, २३ व्यात कोमल धैवत. मधला पंचम बाखने गाळला आहे. पुढे श्वेंके नावाच्या संगीतकाराच्या प्रतीत या दोहोंमध्ये पंचमाचा एक जादा बार आला. काही जुन्या छापील आवृत्त्यांत तो तसाच राहिला, फ्रेंच संगीतकार गूनोने या प्रेल्यूडवर बसवलेली ‘आवे मारिया’ ही प्रार्थनाही त्याच प्रतीवरून रचली. तुमच्या कागदावर ३६ बार असतील तर तो बार खोडा. तो गाळलेला पंचम हीच इथली खरी गंमत आहे, कारण २४ व्या बारपासून तोच पंचम खाली ठाण मांडतो आणि आठ बार हलत नाही. तिथे आवाज हळूहळू वाढवत न्या. ३२ व्या बारमध्ये षड्ज येतो, तो शेवटपर्यंत राहतो.

लय: ३५ बार म्हणजे १४० मात्रा. मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, मिनिटाला ४० मात्रांवर सुरू करा, म्हणजे साडेतीन मिनिटं लागतील. ७० वर बरोबर दोन मिनिटं. चार-चार बारचे तुकडे करा, पण प्रत्येक तुकडा पुढच्या तुकड्याच्या पहिल्या बारपर्यंत वाजवा. नाहीतर सांध्यावर अडखळाल. शेवटचे तीन बार साचा मोडतात, म्हणून ते आधी शिका.

पेडल, म्हणजे बोट उचललं तरी सूर वाजत ठेवणारी पायाखालची कळ, सगळ्यांत शेवटी. बाखच्या काळातल्या हार्प्सिकॉर्डला, म्हणजे तारा छेडणाऱ्या पट्ट्यांच्या वाद्याला, ते नव्हतंच. वापरायचं तर बारच्या पहिल्या सुराबरोबर पाय वर आणि तो सूर वाजताच पाय खाली. उलट केलं की जुना सूर नव्यात मिसळतो. आणखी एक: वाद्य सुरू करताना पेडलवर पाय असेल तर अनेक वाद्यं त्याची दिशा उलटी धरतात. पाय काढून बंद-चालू करा.

ध्वनिमुद्रणात आपल्याकडचे शत्रू ठरलेले: पंखा, कूलर, पावसात वाजणारे पत्रे, आणि गेलेली वीज. मे महिन्यात पहाटे मुद्रण करा, पंखा बंद. साध्या स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर ॲडॉप्टरमधून गुणगुण येते. साइन-वेव्हवर ती जवळपास नसते. शहाबादी फरशीच्या खोलीत आवाज घुमतो, तेव्हा खाली सतरंजी आणि समोरच्या भिंतीला गोधडी लावा. लाकडी पियानो असेल तर फोन दीड ते दोन मीटरवर ठेवा. डिजिटल असेल तर त्याच्या लाइन-आउट खाचेतून वायर ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे वाद्याचा आवाज फोन किंवा संगणकात नेणाऱ्या डबीत, न्या. ती वायर फोनच्या माइकच्या खाचेत थेट घातली तर आवाज फाटतो, कारण ती खाच माइकच्या क्षीण सिग्नलसाठी असते. आपोआप आवाज कमी-जास्त करणारी सोय बंद करा. ती चालू राहिली की तुम्ही मेहनतीने वाढवलेला पंचमाचा भाग सपाट होतो. सर्वांत मोठ्या बारला पातळी उणे ६ डेसिबलवर ठेवा.

एका दमात वाजवा, तुकडे जोडू नका. चुकलात तर न थांबता पुढे जा आणि संपल्यावर कागद समोर ठेवून ऐका. कुठे धावलात, कुठे डावा हात जड झाला, हे वाजवताना कळत नाही, ऐकताना लगेच कळतं.

लोकांना पाठवताना हक्काचा प्रश्न येतो. बाख १७५० मध्ये गेला. भारतात संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे रचना मोकळी आहे. नव्या आवृत्तीतल्या संपादकाच्या खुणांवर मात्र हक्क असू शकतो, म्हणून त्या पानांचे फोटो टाकू नका. यूट्यूबवर आपोआप दावा आला, तर रचना मुक्त आहे आणि वादन स्वतःचं आहे एवढं लिहून हरकत घ्या. यंत्राला दोन वादनांतला फरक नेहमी कळत नाही. व्हॉट्सॲपवर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती दाबली जात नाही. सोबत २४ व्या बारचा मिनिट-सेकंद लिहा. ‘इथून खालचा पंचम ऐका’ म्हटलं की भजनी मंडळातला माणूसही कान देतो, आणि त्याचं मत ‘छान’पेक्षा उपयोगी असतं.

यानंतर शोपाँ या पोलिश संगीतकाराचा ई मायनर प्रेल्यूड घ्या, १८३९ मध्ये छापलेल्या ओपस २८ या संचातला चौथा. २५ बार. उजव्या हातात संथ सूर, डाव्यात तीन-तीन सूर एकत्र दाबलेले सततचे हलके ठोके. पेटीवर कधी न वाजलेल्या त्या डाव्या हाताला इथे उजव्यापेक्षा हळू बोलायचं आहे. त्यासाठी पट्टी पूर्ण वर येऊ न देता पुन्हा दाबायचा सराव वेगळा करा.