चपलेला हेड नाही

(शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सदस्यांपुढे एका निवृत्त केंद्रप्रमुखांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, येताना पिशवीत एक कीर्दवही घेऊन आलोय. मूळ दप्तर मी निवृत्त होताना रीतसर चार्जमध्ये दिलं. ही माझ्या हातची नक्कल आहे, तेव्हा पुढच्या रांगेतल्या विस्तार अधिकारी साहेबांनी काळजी करू नये. यातलं एकच पान वाचतो. मी मुख्याध्यापक असतानाचं आहे. तारीख ३१ मार्च. झाडू १४ नग. फिनेल ५ लिटर. बादल्या ४. नकाशे ६, त्यात जगाचे दोन. फळ्याचा रंग एक डबा. त्या वर्षी शाळेचा पट ४१ होता आणि खोल्या दोन. दोन खोल्यांना १४ झाडू कशाला, हे तुमच्यापैकी कुणी विचारणार नाही. निम्मे तर आत्ताच हसताहेत. पैसे आले होते मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आणि महिनाअखेरीस परत जाणार होते.

त्याच मार्चमधली गोष्ट. शाळा सकाळची झालेली. तिसरीतली एक पोरगी रोज दहाच्या सुमाराला दप्तर उचलून पळायची, खिचडीसुद्धा न खाता. रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. एक दिवस मी मागोमाग गेलो. पोरगी बांधाच्या सावलीतून, गवत असेल तिथून, उड्या मारत चाललेली. पायात काही नव्हतं. साडेअकराला शाळा सुटली की आमच्याकडची पांढरी माती तव्यासारखी तापते. तिनं आपलं गणित बरोबर मांडलं होतं: जमीन पोळायच्या आत घर गाठायचं, खिचडी गेली तर गेली.

कपाटात १४ झाडू, आणि शंभर-सव्वाशेची चप्पल घ्यायला शाळेकडे पैसा नाही. म्हणजे पैसा होता, हेड नव्हता, म्हणजे तो खर्च दाखवायचं मंजूर खातं नव्हतं. पंचायत समितीत विचारलं तर उत्तर आलं, "गुरुजी, चपलेला हेड नाही." चप्पल मी खिशातून घेतली. त्यात मोठेपणा काही नाही, तुम्ही सगळेच घेता. पण वंचित मुलांसाठी येणारा जादाचा पैसा शाळा कसा वापरते, या आजच्या विषयावर बोलायचं तर मला त्या पोरीच्या पायांपासूनच सुरुवात करावी लागते.

आता आपल्याकडे येतं काय ते बघू. समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणाची केंद्राची योजना २०१८ला आली. तिच्यातलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: तीसपर्यंत १० हजार, ३१ ते १०० पटाला २५ हजार, त्यापुढे २५० पर्यंत ५० हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. झाडूंचा उगम तिथं आहे. वर्षभराचं वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, १५ ऑगस्टचे पेढे, सगळं यातच. पण बारकाईनं पाहा, हे अनुदान मुलं मोजतं, मुलांची परिस्थिती मोजत नाही. तालुक्याच्या गावाला चिकटलेल्या ३५ पटाच्या शाळेला जेवढं, तेवढंच तांड्यावरच्या ३५ पटाच्या शाळेला. पहिल्या शाळेत पालक रंगीत टीव्ही भेट देतात, दुसऱ्या शाळेतले पालक दिवाळीनंतर गावातच नसतात.

परिस्थिती बघून येणारा पैसा वेगळा, आणि तो थेट मुलाच्या नावानं येतो. त्यातला मला सगळ्यात जिव्हाळ्याचा म्हणजे मुलींचा उपस्थिती भत्ता. १९९२पासूनचा. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुली, पहिली ते चौथी, शाळेत आल्या की दिवसाला एक रुपया. वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. मूळ कल्पना वाईट नव्हती बरं का! ९२ साली रुपयाला किंमत होती आणि पैसे मुलीच्या हातात पडताना आई बघायची. पुढे रुपया तिथंच राहिला आणि बँक खातं आलं. मग २२० रुपयांसाठी आईनं एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जायचं, झेरॉक्स काढायच्या, साहेब जेवायला गेले म्हणून बसायचं. एका माऊलीनं मला तोंडावर सांगितलं, "गुरुजी, माझ्या पोरीला गैरहजरच मांडा, मला परवडतंय."

गणवेशाचंही तेच. दोन गणवेशांना ४०० रुपये मिळायचे तेव्हा, २०१७च्या सुमाराला, पैसे थेट खात्यात द्यायचे ठरलं. आमच्या भागात खातं उघडायलाच ५०० मागत होते. ते मागे पडलं. रक्कम ६०० झाली. मग २०२४ला 'एक राज्य, एक गणवेश': कापड वरून कापून येणार आणि बचत गटाच्या बाया शिवणार. बायांचा दोष नव्हता. कापूनच आलेल्या मापात चौथीतलं दांडगं पोर मावणार कसं? कित्येक शाळांत झेंडावंदन जुन्याच कपड्यांवर झालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शासनानं निर्णय फिरवला आणि खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिली. गावातल्या शिंप्याला पोराची उंची माहीत असते, एवढी गोष्ट कळायला राज्याला एक अख्खं शैक्षणिक वर्ष लागलं. आणि हो, २०२३पासून बूट-मोज्यांना १७० रुपये मिळतात. म्हणजे चपलेला हेड मिळाला, उशिरा का होईना. १७० रुपयांत बूट आणि दोन जोड मोजे कुठल्या दुकानात मिळतात, तेवढा पत्ता कुणाकडे असला तर मला द्या.

आता हंगामी वसतिगृह. इथं मी जरा थांबणार आहे, कारण माझं निम्मं आयुष्य त्यात गेलंय. बीड जिल्ह्यातून, शेजारच्या जिल्ह्यांतून माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. दिवाळीच्या पुढेमागे ट्रॅक्टर भरून गाव पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातं, ते पाडव्याच्या आसपास परततं. चौथीतलं पोर तिकडे कामाचं असतं: धाकट्याला सांभाळायचं, पाणी आणायचं, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधायच्या. म्हणून ते नेतात. हे पोर आजी-आजोबांजवळ गावातच राहावं, त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय शाळेनं करावी, दुपारची खिचडी आहेच, ही वसतिगृहाची कल्पना. नाव वसतिगृह, पण बहुतेक ठिकाणी पोरं जेवतात केंद्रावर आणि झोपतात घरी.

मी सरकारी योजनांवर पुष्कळ बोललोय, पण ही योजना मी डोक्यावर घेतो. कारण पोर जिथं गळतं, नेमकं तिथं ती हात धरते. पाटी-पेन्सिलच्या कमतरतेनं ऊसतोड कामगाराचं पोर गळत नाही. ते गळतं एका विशिष्ट आठवड्यात, ट्रॅक्टर पारावर उभा राहतो तेव्हा.

आता दुखणं. ट्रॅक्टर येतो दिवाळीला. सर्वेक्षण, समितीचा ठराव, प्रस्ताव, छाननी, मंजुरी असं करत मान्यता हाती पडायची डिसेंबरात, एका वर्षी तर जानेवारीत. आईबापाला निघतानाच विचारायचं असतं, "गुरुजी, पोर ठेवू का नेऊ?" आणि आपण म्हणायचं, मंजुरी आली की सांगतो? मग आम्ही 'ठेवा' म्हणायचो आणि किराणा उधारीवर आणायचो. शिक्षण खात्याचा सगळ्यात मोठा देणगीदार कोण, असं मला कुणी विचारलं तर मी आमच्या गावच्या किराणा दुकानदाराचं नाव सांगेन. पाच-पाच महिने त्यानं पीठ-तेल दिलं, एकदाही पोरांच्या देखत पैसे मागितले नाहीत.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल गुरुजी एकतर्फी बोलतात. पटावर साठ आणि ताटावर पस्तीस अशीही केंद्रं मी तपासली आहेत. आईबाप गावातच, पोराचं नाव वसतिगृहात. त्यातूनच मग अंगठ्याची मशिनं आली, दिवसातून दोनदा हजेरी, फोटो. चोर सुटले ते सुटलेच आणि आमच्या स्वयंपाकीणबाई रोज रात्री नेट शोधत छपरावर चढायला लागल्या.

एका केंद्रावर संध्याकाळी जेवण चाललं होतं. चौथीतली एक पोरगी भाकरी वाढून घ्यायची, अर्धी खायची, अर्धी ओढणीच्या टोकात. चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी विचारलं तर गप्प. शेजारचा पोरगा म्हणाला, "आजीला नेती." आजीला दिसत नव्हतं, चूल पेटवता येत नव्हती. वसतिगृहानं पोरीला जेवण दिलं होतं, आणि पोरगी अर्धपोटी अभ्यासाला बसत होती. मी बाईंना सांगितलं, हिला दोन जास्तीच्या बांधून देत जा. वर्षाअखेरीला पिठाचा हिशेब जुळेना. आक्षेप निघाला: विद्यार्थीसंख्येच्या मानानं धान्याचा वापर जादा. खुलासा मी लिहिला, 'बालकांची भूक अंदाजापेक्षा अधिक आढळली.' खोटं लिहिलं. खरं लिहायला रकाना नव्हता.

अजून एक. रविवारी संध्याकाळी आम्ही पोरांना फडावरच्या आईबापांशी स्पीकरवर बोलायला लावायचो. पहिल्या वर्षी डिसेंबरातच चार-पाच पोरं आईची आठवण काढत ऊसगाड्यांमागे निघून गेली होती. फोन सुरू केला त्या वर्षी एकही गेलं नाही. खर्च किती? महिन्याचा रिचार्ज. तोही स्टेशनरीत दाखवला.

बाहेर काय करतात, म्हणून इंग्लंडचं बघू. तिथं २०११पासून 'प्युपिल प्रीमियम' नावाची योजना आहे. गेल्या सहा वर्षांत कधीही मोफत शालेय जेवणाला पात्र ठरलेलं मूल धरायचं आणि त्याच्यामागे शाळेला जादा रक्कम द्यायची. २०२५-२६ला प्राथमिकला १,५१५ पौंड, माध्यमिकला १,०७५. पौंडाचे रुपये करून हुरळू नका, तिथल्या मास्तराचा पगारही पौंडातच असतो. मला भावलं ते दुसरंच: रक्कम कशावर घालायची ते मुख्याध्यापक ठरवतो. आधी चप्पल, झाडू, नकाशा असे हेड नाहीत. बदल्यात त्यानं आपली योजना आणि मागच्या वर्षीचा परिणाम शाळेच्या वेबसाइटवर ३१ डिसेंबरपर्यंत जाहीर करायचा, कुणीही वाचावा.

मग सगळं गोड झालं का? नाही. सुरुवातीला पुष्कळ शाळांनी पैसा मदतनीस नेमण्यात घातला. मदतनीस कच्च्या पोराशेजारी बसायचा, पोराचं उत्तर स्वतःच सांगून टाकायचा. संशोधनात दिसलं की नुसतं बसवून फार काही हाती लागत नाही. मदतनीसाला नीट शिकवून, ठरलेला अभ्यास देऊन, चार-पाच मुलांचा गट सोपवला तर फरक पडतो. बजेटला कात्री लागली तशी कित्येक शाळांनी हाच पैसा भोकं बुजवायला वापरला. गरीब आणि बाकीच्या मुलांतलं अंतर काही वर्षं थोडं कमी झालं होतं, कोविडनंतर ते पुन्हा वाढलं. म्हणजे स्वातंत्र्य दिलं की झालं, असंही नाही.

आणि हे मदतनीसाचं ज्ञान आपल्याला लंडनहून आणायची गरज नव्हती. २००१ ते २००३ या काळात मुंबई महापालिकेच्या आणि वडोदऱ्याच्या शाळांत 'बालसखी' झाली. 'प्रथम' संस्थेचं काम. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, महिना ५०० ते ७५० रुपये मानधन. तिसरी-चौथीतली मागं पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची आणि अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी पक्की करायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजलं. मुलांचे गुण वाढले, आणि सगळ्यात जास्त वाढले ते सगळ्यात मागे असलेल्यांचे. या दोघांना पुढे २०१९ला नोबेल मिळालं. तेवढ्या मानधनावर झालेलं काम, मंडळी! आज आपल्या गावात डी.एड. होऊन घरी बसलेल्या लेकी-सुना किती आहेत? पण समितीनं ठरवलं की अनुदानातून एकीला रोज दोन तास बसवू, तर पुन्हा तेच. वस्तूला पैसा आहे, माणसाच्या वेळेला नाही. बादलीचं बिल जोडता येतं. पोराजवळ दोन तास बसल्याचं बिल कोण देणार?

माझं मागणं लहान आहे. वंचित मुलांची संख्या धरून, समजा मुलामागे हजार रुपये, शाळेला बिनहेडाचे द्या. दिवाळीच्या आधी द्या, मार्चमध्ये नको. समितीनं ठरवावं, आणि कशावर घातले ते शाळेच्या दर्शनी भिंतीवर ऑइलपेंटनं लिहावं, मुलांची नावं न घालता. शिक्षण हक्क कायद्यानं समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला बसवल्या आहेत. त्यांना भिंत वाचता येते, आणि नाही आली तर त्यांची पोरं वाचून दाखवतील.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, समिती असते कुठं? खरंय. प्रोसिडिंगचं रजिस्टर पिशवीत घालून, मोटरसायकलवर घरोघर सह्या गोळा करत मीही फिरलोय. अध्यक्ष शेतात, सही बांधावर. पण का येत नाहीत माणसं? कारण मीटिंगमध्ये ठरवायचं काही शिल्लकच नसतं. १४ झाडूंना सूचक आणि अनुमोदक, यासाठी कोण रोजगार बुडवील? त्या आजीच्या भाकरीचा विषय मी एकदा समितीत काढला होता. सात बाया दोन तास बसल्या होत्या, आणि मीटिंग संपली तेव्हा कुणाच्या घरून कुठल्या वारी डबा जाणार हे ठरलेलं होतं. इतिवृत्तात मी लिहिलं, 'इतर विषय'.

आता तुमचे प्रश्न घेऊ. साडेपाचची एसटी गाठायची आहे, त्यामुळे ज्यांना मला खोडून काढायचंय त्यांनी आधी हात वर करा. साहेब, तुम्हीच सुरुवात करता का?