राजवाडा पडला, आचे पडलं नाही

श्रोतेहो, नमस्कार. आपण मसालेभातात घालतो ते काळे मिरे एकेकाळी सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाहून जगभर जायचे. तिथं आचेची सल्तनत होती. मिरपूड घरीच खलबत्त्यात कुटावी, हे माझं नेहमीचं सांगणं. आयत्या पुडीला तो झणका येत नाही.

तर हे मिरे आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीचं तोंड, दोन्हींवर डचांचा डोळा होता. १८७१ मध्ये इंग्रजांनी करार करून त्यांना सुमात्रात मोकळं रान दिलं. १८७३ च्या मार्चमध्ये डचांनी युद्ध पुकारलं. एप्रिलमध्ये राजधानीतली मोठी मशीद जळाली. तिच्याच आवारात डच सेनापती गोळी लागून पडला आणि फौज परत फिरली. वर्ष सरता सरता दुसरी फौज आली, जानेवारीत राजवाडा घेतला, त्याच सुमारास सुलतान पटकीनं गेला. राजवाडा पडला. आचे मात्र पडलं नाही. पुढची तीस वर्षं रानात लढाई चालू राहिली.

त्या रानात डचांशी लढणारी आचेची बाई, न्याक दिएन, मला विसरता येत नाही. पहिला नवरा १८७८ मध्ये लढाईत गेला. दुसरा, तेउकू उमर, डचांना जाऊन मिळाला, त्यांचा विश्वास मिळवला आणि १८९६ मध्ये त्यांच्याच शेकडो बंदुका घेऊन परत आपल्या माणसांत आला! १८९९ मध्ये तोही मेऊलाबोहजवळ मारला गेला. तरी बाई रानातच. वय पन्नाशीपलीकडे, सांधे धरलेले, डोळ्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली, खायला मिळेल ते. तिचे हे हाल पाहवेनात म्हणून तिचाच सरदार पांग लाओत डचांकडे गेला. ठिकाण सांगतो म्हणाला, पण तिला मानानं वागवा, औषधपाणी करा. शिपाई आले, तेव्हा तिनं कमरेची कट्यार उपसली, असं सांगतात. दिसत नसताना!

पांग लाओतला मी फितूर म्हणणार नाही. घरात आजारी म्हातारं माणूस ज्यांनी सांभाळलंय, त्यांना तो कळेल.

डचांनी तिला जावा बेटावर सुमेदांगला धाडलं. तिथल्या बायकामुलांना ती कुराण शिकवायची. अक्षरं दिसत नव्हती, पण सगळं पाठ होतं. लोक तिला ‘इबू पर्बू’ म्हणत. इबू म्हणजे आई. १९०८ मध्ये ती गेली. गावानं तिला मातीत ठेवलं, आणि ही आचेची न्याक दिएन, हे तिथं कळायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.