झिजलेला पॅड वाचायचा कोणी?

नमस्कार. संयोजकांनी विषय दिला तो असा: गाडीचे ब्रेक पॅड झिजले की ते घरी बदलावेत की गॅरेजमध्ये? मी लगेच हो म्हणालो, कारण दोन्ही वाटांनी जाऊन मी हात पोळून घेतलेत. घरी काम करताना चुकलो आहे आणि गॅरेजला पैसे मोजूनही फसलो आहे. त्यामुळे कुणा एकाची वकिली करायला मी तसा लायक नाही.

सुरुवात जरा मागून करतो. ऑगस्ट 1888 मध्ये बेर्टा बेंझ ही बाई नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. ब्रेक म्हणजे लाकडी ठोकळे. उतारांवर ते झिजायला लागले, तेव्हा तिने वाटेत जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला लायनर लावल्याची ही पहिली गोष्ट म्हणून सांगतात. मला त्यातली कामाची वाटणी आवडते. ब्रेक का लागत नाही हे तिने पाहिलं आणि खिळे दुसऱ्याने ठोकले. आज आपण नेमकं उलटं करतो. पाहायचं कामही गॅरेजवर सोपवतो आणि मग खिळे ठोकायचे किती पैसे लागले यावर वाद घालतो.

ब्रेकवर नेमकं काय येऊन पडतं, याचा एक हिशेब करू. माणसांसकट बाराशे किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरने जात असेल, तर तिच्यात साधारण 460 किलोज्यूल ऊर्जा असते. करकचून ब्रेक मारला की ही सगळी ऊर्जा तीन-चार सेकंदांत उष्णता होऊन बाहेर पडते. तेवढ्या उष्णतेत खोलीच्या तापमानाचं दीड लिटर पाणी उकळीला येईल. घरच्या शेगडीवर ते करायला किती वेळ लागतो ते आठवा. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे शाळेत शिकलेलं असतं, पण पायाला ते कळत नाही. शिवाय ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो. म्हणून बहुतेक गाड्यांत निम्म्याहून बरंच जास्त काम पुढची दोन चाकं करतात आणि पुढचे पॅड आधी संपतात.

आता एक मजेशीर गोष्ट. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती, म्हणजे डिस्क, दोन पॅड दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. हा पॅड झिजला तरी पेडल खाली जात नाही. पॅड धरणारा चिमट्यासारखा भाग म्हणजे कॅलिपर, आणि त्यातला पॅड दाबणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन. या पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी रिंग असते. पेडल दाबलं की पिस्टन पुढे सरकतो आणि रिंगेला थोडा पीळ बसतो. पाय काढला की ती रिंग पूर्ववत होते आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड झिजत जातो तसा पिस्टन रिंगेतून हळूहळू पुढे सरकत राहतो आणि पॅड व डिस्क यांमधलं अंतर कायम तेवढंच राहतं. किती साधी युक्ती! तिचा तोटा इतकाच, की चालवणाऱ्याच्या पायाला काही कळत नाही. नव्या पॅडवर घर्षणाचा थर दहा-बारा मिलिमीटरचा असतो. तो तीनवर आला तरी पेडल जवळपास पहिल्यासारखंच लागतं. काही पॅडना पत्र्याची एक जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. काहींना वायरचा सेन्सर असतो. दोन्ही नसतील तर चाकाच्या फटीतून टॉर्च मारून बघणं एवढंच उरतं.

आणखी एक खूण बॉनेटखाली असते. पिस्टन पुढे आला की त्याच्या मागची जागा भरायला टाकीतलं ब्रेक ऑइल खाली उतरतं. पातळी उतरलेली दिसली की आपण उत्साहाने वरून भरतो. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबला की तेच ऑइल टाकीतून उतू जातं आणि गाडीचा रंग खातं. माझ्या बॉनेटखाली असा एक नकाशा आहे.

‘ब्रेक ऑइल’ हा शब्द आपल्या तोंडात बसलाय, म्हणून मीही तोच वापरतोय, पण ते तेल नाही. ते ग्लायकॉल जातीचं द्रव आहे आणि ब्रेकमधलं रबर त्याच द्रवाला धरून निवडलेलं असतं. त्यात इंजिन ऑइलचा अंश जरी गेला तरी मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइलवर दाब आणणारा भाग) कॅलिपरपर्यंतची रबरं फुगतात आणि सगळंच बदलावं लागतं. ‘तेल ते तेल’ म्हणून कुणी तरी भलताच डबा ओततो, आणि माझ्या मते त्यात निम्मा दोष या नावाचा आहे. हे द्रव हवेतली ओल शोषतं हा त्याचा दुसरा गुण. डॉट 4 या प्रतीचा उत्कलनबिंदू ताज्या स्थितीत किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा 155 वर येते. लांब उतारावर कॅलिपर तापला, आत बुडबुडे झाले, की पेडल स्पंजासारखं दबतं आणि गाडी थांबत नाही. नवे पॅड घालून ही गोष्ट सुटत नाही. म्हणूनच बऱ्याच कंपन्या ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

आता घरी करायच्या कामाकडे येतो. पुढचे पॅड बदलणं हे काम तसं अवघड नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मागच्या चाकांना ठोकळे लावायचे, जॅकने उचलायची आणि लगेच भक्कम स्टँडवर ठेवायची. जॅक हे उचलायचं साधन आहे, धरून ठेवायचं नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका, यावर मी चर्चा करणार नाही. पुढे कॅलिपरचा एक किंवा दोन बोल्ट काढायचे, कॅलिपर तारेने टांगायचा, कारण तो रबरी होजवर, म्हणजे ऑइलच्या नळीवर, लोंबकळला तर होज आतून फाटतो. जुने पॅड काढायचे, पिस्टन सावकाश मागे दाबायचा, नवे पॅड घालायचे. काळी धूळ फुंकायची नाही, हवेच्या नळीनेही उडवायची नाही. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं, आणि आजच्या धुळीतही फुप्फुसांच्या भल्याचं काही नसतं. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने काढायची.

पहिल्यांदा हे मी केलं तेव्हा सगळं नीट जमलं. नट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना), पुस्तकात दिलेल्या आकड्याला आवळले. हात धुतले, ऐटीत गाडी सुरू केली, मागे घेतली, ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला! पिस्टन मागे दाबलेला होता. तो पॅडला टेकेपर्यंत पेडल बऱ्याच वेळा दाबायला हवं होतं, गाडी जागची हलवण्याआधी. ही ओळ मी वाचली होती, पण विसरलो. हँडब्रेकने वाचवलं, आणि मागच्या भिंतीने थोडं. भिंत अजून उभी आहे, बंपर मात्र बदलावा लागला. त्या बंपरच्या पैशात गॅरेजकडून ते काम दोनदा झालं असतं.

तेव्हा पैसे वाचतात का? पहिल्या वेळी बहुधा नाही. चांगला जॅक, दोन स्टँड, टॉर्क रेंच, पिस्टन दाबायचं साधन हे सगळं घ्यायचं तर एका वेळची मजुरी त्यातच जाते. वेळही तुमचाच. मेकॅनिक तासाभरात दोन चाकं उरकतो, मला अर्धा दिवस लागला होता. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून हिशेब बदलतो. पण नुसते पैसे वाचवायला कुणी यात पडू नये असं मला वाटतं. ज्याला घाई आहे तो नट अर्धवट आवळतो.

मग का करावं? इथे मला माझं गॅरेजचं रडगाणं गायला हवं. एका गाडीचे पुढचे डावे पॅड वर्षाच्या आत संपले. गॅरेजने नवे घातले, पैसे घेतले. सात-आठ महिन्यांत पुन्हा संपले. ‘तुम्ही ब्रेक फार मारता,’ असं मला सांगण्यात आलं. मी फार मारत असेन, पण माझा पाय फक्त डाव्या चाकावर पडतो काय? दुसऱ्या वेळी मी जुने पॅड मागून घेतले. आतला पॅड पत्र्यापर्यंत गेलेला, बाहेरचा निम्मा शिल्लक. त्या जोडीने मला दोन मिनिटांत सांगितलं ते बिलावर कुठेच नव्हतं.

बहुतेक गाड्यांच्या कॅलिपरला पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. या पिना रबरी बूटांत, म्हणजे रबरी आवरणांत, ग्रीसमध्ये असतात. बूट फाटला, पाणी शिरलं, की पिन जाम होते. कॅलिपर सरकत नाही आणि सगळं काम आतल्या पॅडवर पडतं. तेव्हा पिन सोडवून, घासून, योग्य ग्रीस लावल्याशिवाय नवे पॅड घालणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. आणि योग्य ग्रीस म्हणजे रबराला चालणारं. साधं ग्रीस लावलंत तर बूट फुगतो आणि पिन पुन्हा अडकते.

पॅड आणखी बरंच काही बोलतो. एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ, म्हणजे पाचरीसारखा झिजला असेल, तर तो तिरका बसत होता. पिन बघा, पॅड बसायची खाच गंजली आहे का बघा. एका चाकाचे दोन्ही पॅड संपलेत आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाचे शाबूत आहेत, तर पिस्टन अडकलेला असू शकतो, किंवा होज आतून सुजून दाब सोडत नसेल. पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल तर तो खूप तापलाय. पॅड ओलसर, तेलकट असेल तर कुठून तरी गळतंय, आणि ते शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

डिस्कही बघायची. तिच्यावर किमान जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो. ती मोजताना व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची मोजपट्टी) फसवतो, कारण डिस्कच्या कडेला न झिजलेली गंजकट कड उरते आणि जबडे तिच्यावर टेकतात. मायक्रोमीटर हवा. आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं की ‘डिस्क वाकली’ म्हणायची पद्धत आहे, पण पुष्कळदा ती वाकलेली नसते. जाडी जागोजाग कमी-जास्त झालेली असते, किंवा हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावर, गंजाचा पापुद्रा राहिल्याने ती तिरपी बसलेली असते. वायर ब्रश मारायची दोन मिनिटं वाचवली की हे होतं. घाई गॅरेजलाही असते, घरीही असते.

माझी स्वतःची सीमारेषा सांगतो. ब्रेकची पाइपलाइन बंद आहे तोवर काम मी घरी करतो. एकदा निपल (कॅलिपरवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडून हवा काढायची वेळ आली, होज किंवा कॅलिपर बदलायचा झाला, की गाडी गॅरेजला. काही गाड्यांत एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या) यंत्रात अडकलेली हवा स्कॅनर जोडल्याशिवाय निघत नाही. मागच्या चाकांना बटणाचा पार्किंग ब्रेक असेल तर तिथेही सांभाळा. त्या कॅलिपरवर मोटर असते. तिला आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावं लागतं, नाहीतर पिस्टन जबरदस्तीने दाबताना आतली यंत्रणा मोडते. काही पिस्टन दाबायचे नसतात, फिरवत आत न्यायचे असतात. मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतील आणि हौस असेलच, तर एका वेळी एकच चाक उघडा. स्प्रिंगा कुठे होत्या हे दुसरं चाक सांगेल.

गॅरेजला जाण्यात कमीपणा काही नाही. मेकॅनिकने हजारो पेडलं दाबलेली असतात. त्याच्या पायाला जे कळतं ते मला पुस्तकातून कळणार नाही. माझ्या बाजूने एवढंच आहे की मी एकच पेडल दाबतो, पण रोज. कालच्यापेक्षा आज ते वेगळं लागतंय हे मलाच आधी कळणार. त्यामुळे गाडी देताना मी ‘ब्रेक बघून घ्या’ असं म्हणत नाही. ‘वळताना डावीकडून आवाज येतो, थंड असताना येत नाही’ असं सांगतो. आणि जुने पॅड डिकीत ठेवा म्हणतो. जो मेकॅनिक हे ऐकून हसतो आणि स्वतःहून पॅड हातात घेऊन दाखवतो, त्याच्याकडे मी पुन्हा जातो.

गेल्या महिन्यात मागचं काम मी गॅरेजमध्येच करून घेतलं, बटणाचा ब्रेक आहे म्हणून. निघालेले चारही पॅड या डब्यात आहेत. कोणत्या चाकाचे कोणते, हे मी मुद्दाम लिहिलेलं नाही. हातात घ्या, जोड्या लावा, आणि चारांतल्या एकाच पॅडची एक कड जास्त का झिजली असेल ते मला सांगा. मेकॅनिकचं आणि माझं त्यावर अजून एकमत झालेलं नाही. हात धुवायचं पाणी दाराशी ठेवलंय.